घोंगडी

घोंगडी : मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीचे सूत हाताने कातून हातमागावर विणलेले पांघरूण. महाराष्ट्रात यास घोंगडे, कांबळ वा कांबळे असेही म्हणतात. कर्नाटकात कंबळी व तेलंगणात गोंगडी या नावांनी हेच वस्त्र ओळखले जाते. धनगर समाजाची मेंढपाळी आणि सनगर, खुटेकर इ. विणकरांचा धंदा यांवर घोंगडीचे उत्पादन आधारलेले आहे. माण, सांगोला, आटपाडी, जत हे तालुके, तसेच कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली यांसारखी गावे या विणकामासाठी प्रसिद्ध आहेत. घोंगडी विणली जाते ती मुख्यत्वे दख्खनच्या पठारावर. तथापि ती ज्या मेंढ्यांपासून मिळते, त्यांपैकी अनेक कळपांचे निम्मे वर्ष घाटाखाली, ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, कल्याण, भिवंडी या भागांत व लगतच्या पालघर जिल्ह्यात जाते. परदेशी लोकरीवर चालणारी एक मोठी गिरणी ठाणे शहरात होती आणि लोकरीवर संशोधन करणारी संस्थाही तेथेच आहे. दख्खनी लोकरीचे बरेवाईट काय झाले, हे त्यामुळे या एकाच परिसरात पाहावयास मिळते.

लोकरी कांबळ्यांचा वापर भारतात प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात मेंढीच्या लोकरीच्या कांबळ्यांचे प्रकार नमूद केलेले आहेत. बुद्धकालीन विचारवंत अजित याचे ‘केसकंबली’ हे उपनाम केसांच्या कांबळ्यावरूनच पडले. मराठी संतवाङ्मयात घोंगडे हे देहाचे रूपक म्हणून येते. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांच्या विधींत घोंगडी अंथरून तिच्यावर चौक भरण्याची चाल आहे. जातपंचायतीची बैठकही घोंगडीवरच बसे. जर्मन अभ्यासक ग्युंटर सोन्थायमर (१९३४–९२) यांनी या दैवतांचा व धनगरांच्या मौखिक परंपरेचा जो अभ्यास केला, त्यात घोंगडीचे हे स्थान वारंवार दिसते. दीर्घकाळ निकालात न निघालेल्या प्रकरणास मराठीत ‘भिजत घोंगडे’ म्हणतात. पाणी प्यालेली घोंगडी अतिशय जड होते व लवकर वाळत नाही, हा रोजचा अनुभव त्या वाक्प्रचाराच्या मुळाशी आहे.

लोकर : दख्खनी मेंढी ही काटक, दूरवर चालणारी व निकृष्ट चाऱ्यावर तगणारी जात आहे. तिचा रंग प्रायः काळा वा काळापांढरा असतो. एका मेंढीपासून वर्षाकाठी, दोन कातरण्या मिळून, साधारणतः अर्धा किग्रॅ. लोकर मिळते. मेरिनो मेंढीपासून याच्या कितीतरी पट लोकर मिळते. तंतूंच्या जाडीतही असेच अंतर आहे. मेरिनो लोकरीचा तंतू प्रायः १७ ते २४ मायक्रॉन व्यासाचा असतो, तर दख्खनी लोकरीचा सरासरी व्यास सु. ५० मायक्रॉन भरतो. शिवाय दख्खनी लोकरीतील पुष्कळसे तंतू केसाळ, म्हणजे आतून पोकळ गाभ्याचे असतात. असे तंतू ठिसूळ असतात, रंग नीट धरत नाहीत आणि वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर तुटतात. राजस्थानातील चोकला, मगरा या जातींची लोकर गालिचांसाठी उत्तम समजली जाते. त्या प्रतवारीतही दख्खनी लोकरीला खालचेच स्थान मिळते.

ही प्रतवारी अंगाला लागून असणाऱ्या कापडाच्या व गालिच्यांच्या गरजांवरून ठरलेली आहे. पावसात व थंडीत उघड्यावर राहणाऱ्या माणसाच्या पांघरुणाची गरज निराळी असते. तंतूच्या पोकळ गाभ्यात व सुतांच्या खडबडीत पृष्ठभागांमध्ये हवा अडकून राहते आणि ती उष्णतारोधकाचे काम करते. लोकर आपल्या वजनाच्या सु. ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. बाष्प शोषताना थोडी उष्णता बाहेर पडते, म्हणून दमट हवेत ती ऊबदार वाटते. तंतूवरील मेण व खवल्यांची रचना यांमुळे पावसाचे थेंब काही वेळ पृष्ठभागावरूनच ओघळून जातात. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, म्हणून शेकोटीच्या ठिणग्यांनी घोंगडी जळत नाही. गिरणीच्या दृष्टीने जे दोष, ते घोंगडीच्या दृष्टीने बव्हंशी गुण ठरतात.

निर्मिती : मेंढ्यांची कातरणी वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर व उन्हाळ्याच्या तोंडी, करतात. कातरणीपूर्वी मेंढ्या ओढ्यात वा नदीत धुतात. लोकर अशा रीतीने मेंढीच्या अंगावरच धुतली जाते. तिच्यातील धूळ व घाम जातो, परंतु मेणाचा बराच अंश राहतो आणि पुढे तोच घोंगडीला पावसात उपयोगी पडतो. गिरणीत लोकर साबण व क्षार घातलेल्या गरम पाण्यात धुतात. त्यामुळे मेण निघून जाते व मोठ्या प्रमाणावर सांडपाणी तयार होते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीस जावळ म्हणतात. ती सर्वांत मऊ असते व तिची घोंगडी महाग पडते.

कातरलेली लोकर रंगांप्रमाणे निवडून, काटे-कुसळे काढून पिंजतात. पिंजलेल्या लोकरीचे सूत चरखा वा टकळी यांवर कातले जाते. हे काम बहुधा स्त्रिया करतात आणि तेच सर्वांत वेळखाऊ असते. घोंगडी विणण्यास जो वेळ लागतो, त्याच्या अनेक पट वेळ तिचे सूत कातण्यात जातो. घोंगडीच्या किमतीविषयी बोलताना मागाचाच विचार होतो व या कष्टांची गणना सहसा होत नाही. ताण्यासाठी घट्ट पिळाचे व बाण्यासाठी सैल पिळाचे सूत लागते. ताणा मोकळ्या जागी ताणून त्याला चिंचोक्याची खळ देतात. त्यासाठी चिंचोके भाजून त्यांची टरफले काढतात, ते भिजवून वाटतात व शिजवितात. ही खळ कुंच्याने सुतांवर चोपडून उन्हात वाळविली, की केसाळ सुतांचे तंतू बसतात व माग चालताना ती एकमेकांत गुंतत नाहीत. ऊन नसेल तर हे काम अडते. नवी घोंगडी ताठ व खरखरीत लागते ती या खळीमुळे; एक-दोन धुण्यांनंतर ती मऊ पडते.

विणकाम खड्डामागावर होते. विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून बसतो व पायांनी ताणा खालीवर करून हाताने धोटा टाकतो. वीण साधी असते. काळ्या, तपकिरी व पांढऱ्या मेंढ्यांची लोकर न रंगविता वापरतात. काळ्या अंगाची व पांढऱ्या काठाची घोंगडी विशेष प्रचलित आहे. दोन ते अडीच किग्रॅ. वजनाच्या घोंगडीस, पिंजताना होणारी घट धरता, पाच-सहा मेंढ्यांची वर्षभराची लोकर लागते. या साऱ्या प्रक्रियेत बाजारातून आणावे लागते ते फारच थोडे. लोकर कळपाची, खळ चिंचेची, रंग मेंढीचा व शक्ती माणसाच्या हातापायांची. आज ज्यास शाश्वत उत्पादन म्हणतात, त्याचे हे जुने उदाहरण होय. जीर्ण घोंगडीचे तुकडे घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली वा बसण्यासाठी वापरतात. शेवटी ते मातीत गेले तरी कुजतात व त्यांतील नायट्रोजन आणि गंधक पिकांना मिळतात. ॲक्रिलिकसारख्या कृत्रिम तंतूंचे असे होत नाही.

ठाणे–कल्याण परिसर : उत्तर कोकणात मेंढी बारमाही पाळली जात नाही. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सु. २,५०० मिमी. पाऊस पडतो. सततच्या चिखलाने मेंढ्यांचे खूर कुजतात आणि भातखाचरांतील गोगलगायींमार्फत यकृतातील पर्णकृमींचा प्रादुर्भाव होतो. सह्याद्रीत राहणारे गवळी धनगर म्हशी पाळतात, मेंढ्या नव्हे. ठाणे परिसरात दिसणारे मेंढ्यांचे कळप पठारावरील पर्जन्यछायेच्या प्रदेशातून, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या गावांतून येतात. दिवाळीच्या सुमारास पठारावरील चारा-पाणी आटू लागले, की माळशेजसारख्या घाटांनी वाडे खाली उतरतात. संसार तट्टांवर लादलेला असतो. मृगाच्या पावसापूर्वी त्यांना पुन्हा घाट चढावा लागतो.

या स्थलांतराचा मेळ भातशेतीशी बसलेला आहे. भाताची कापणी झाल्यावर खाचरे मोकळी असतात व त्यांत धसकटे, तण आणि बांधावरचा पाला शिल्लक असतो. मेंढ्या दिवसा ते खातात. रात्री त्यांना वाघर म्हणजे जाळ्याचे कुंपण लावून खाचरातच बसवितात. लेंड्या व मूत्र थेट जमिनीत मुरतात आणि खत वाहून आणण्याचा खर्च वाचतो. या भागात भाताचे रोप तयार करण्यापूर्वी राब भाजण्याची, म्हणजे शेण, पालापाचोळा व फांद्या जमिनीवर जाळण्याची पद्धत आहे. तिला शेण व लाकूडफाटा पुष्कळ लागतो. म्हणून मेंढ्यांचे खत शेतकऱ्याला विशेष मोलाचे वाटे. मेंढ्या बसविल्याबद्दल मेंढपाळास पूर्वी भात वा तांदूळ मिळे, पुढे रोख रक्कम मिळू लागली. पठारावरचा मेंढपाळ अशा रीतीने कोकणातील भात खाई व कोकणातील भातशेती पठारावरच्या मेंढ्यांच्या खतावर पोसली जाई. घोंगडीसाठी लागणारी लोकर हे या देवघेवीचे उपफळ होते. मेंढी केवळ लोकरीसाठी पोसली असती, तर अर्धा किग्रॅ. लोकरीत तिचा खर्च कधीच निघाला नसता. घोंगडी स्वस्त होती, याचे कारण मेंढीच्या पोषणाचा भार खत, मांस व कोकरे यांनी उचललेला होता.

पठारावर विणलेल्या घोंगडीला गिऱ्हाईकही कोकणात होते. भाताच्या लावणीच्या दिवसांत भर पावसात काम करावे लागते. नांगर धरणारा वा गुरे राखणारा माणूस घोंगडीची खोळ करून डोक्यावरून पाठीवर घेई. वाकून आवणी करणाऱ्या स्त्रिया बांबूच्या कामट्या व पाने यांचे इरले पाठीवर घेत. या दोहोंची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली. प्लॅस्टिक ऊब देत नाही व एक-दोन पावसाळ्यांत फाटते. परंतु ते हलके असते, चटकन वाळते आणि अत्यंत स्वस्त पडते. घोंगडीचा हा ग्राहक गेला, तो तिच्या गुणांत काही उणे होते म्हणून नव्हे.

गिरणी व संशोधन : ठाणे येथे १९०० साली वाडिया वूलन मिल निघाली. १९२५ मध्ये तिचे रेमंड वूलन मिल असे नामांतर झाले व १९४४ मध्ये ती सिंघानिया कुटुंबाकडे आली. त्या वेळी ही गिरणी मुख्यतः स्वस्त व जाडीभरडी ब्लँकेटे काढीत असे, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. पुढे तिने तलम लोकरी सूटिंगकडे मोहरा वळविला व त्यासाठी ऑस्ट्रेलियाची मेरिनो लोकर वापरली. पोखरण रस्त्यावरील जेकेग्राम हा ठाण्याच्या औद्योगिक जीवनाचा एक केंद्रबिंदू बनला. तेथून काही किमी. अंतरावर भिवंडीच्या खाचरांत दख्खनी मेंढ्यांचे कळप बसत असत. परंतु सूटिंगच्या यंत्रांना त्या लोकरीचा उपयोग नव्हता. यात गिरणीचा दोष काढण्याचे कारण नाही. ५० मायक्रॉनच्या ठिसूळ तंतूचे सूट होत नाहीत. भिवंडीचे यंत्रमाग हे देशातील मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक आहे, पण त्यांचाही भर सुती व कृत्रिम धाग्यांवरच राहिला. ठाण्याच्या गिरणीतील उत्पादन २००९-१० च्या सुमारास बंद झाले व तिच्या जागेवर निवासी इमारती उभ्या राहिल्या.

वूल रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली. ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर तिच्या प्रयोगशाळा आहेत. लोकर उद्योगाला चाचण्या व तांत्रिक साहाय्य पुरविणे हे तिचे मुख्य काम. दख्खनी लोकरीपासून घोंगडीखेरीज आणखी काय करता येईल, हा प्रश्नही या संस्थेने हाताळला. इतर तंतूंशी मिश्रण, न विणलेले थर, उष्णतारोधक फलक, रजईतील भरण या दिशांनी प्रयोग झाले. तंतूचा जाडपणा व पोकळपणा हे गुण समजून त्यांचा उपयोग करण्याचा हा दृष्टिकोन घोंगडीच्या परंपरेशी जुळणारा आहे. मात्र अशा उत्पादनांत हाताने कातणारी स्त्री व खड्डामागावरचा विणकर यांना स्थान उरत नाही.

दुसरा मार्ग मेंढीच बदलण्याचा होता. दख्खनी मेंढ्यांचा मेरिनो व राम्बुये जातींशी संकर करून तलम लोकर मिळविण्याचे प्रयत्न राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठात व अन्यत्र झाले. लोकरीत सुधारणा झाली. पण शेकडो किमी. चालणाऱ्या, दुष्काळ व रोगराई सोसणाऱ्या कळपांत मेंढपाळांनी या संकरास फारसा थारा दिला नाही. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने निराळा हेतू धरला. बंगालच्या सुंदरबन भागातील गरोल मेंढीमध्ये जुळी कोकरे देणारे जनुक असते. ते दख्खनी मेंढीत आणून संस्थेने मेंढपाळाचे मांसोत्पन्न वाढविले. मेंढपाळाचा हिशेब आता कोकरांवरच चालत असल्याने हा प्रयत्न त्याला मानवला.

ऱ्हास : मांसाचा भाव चढत गेला व लोकरीचा उतरत गेला. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघेनाशी झाली. असे असले तरी कातरणी टाळता येत नाही. न कातरलेल्या मेंढीच्या अंगात उवा-गोचिडी होतात व उन्हाळ्यात ती हैराण होते. म्हणून मेंढपाळ पदरची मजुरी देऊन मेंढ्या कातरून घेतो आणि लोकर पुष्कळदा माळावर वा उकिरड्यावर टाकून देतो. जी लोकर मिळत नाही म्हणून विणकर अडून बसतो, तीच कळपाच्या ठिकाणी वाया जाते. मधली निवडण्याची, पिंजण्याची व कातण्याची साखळी तुटल्याचा हा परिणाम आहे. दुसरीकडे पानिपतच्या कारखान्यांत जुन्या लोकरी कपड्यांचे तंतू पुन्हा वापरून केलेली ब्लँकेटे देशभर अल्प किमतीत विकली जाऊ लागली आणि आठवडे बाजारांतून घोंगडी मागे पडली.

घाटाखालच्या बाजूस जमिनीचाच प्रश्न उभा राहिला. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या भोवतालच्या गावांतील भातखाचरे इमारतींखाली, तर भिवंडी तालुक्यातील बरीचशी खाचरे गोदामांखाली गेली. वाडे आता वाहत्या महामार्गांच्या कडेने हिंडताना दिसतात. जेथे खाचरे शिल्लक आहेत, तेथेही रासायनिक खतांमुळे मेंढ्या बसविण्याची गरज कमी झाली आहे. वनखात्याच्या जमिनींवर चराईस मज्जाव असतो. त्यामागे रोपट्यांच्या रक्षणाचे कारण खरे असले, तरी मोकळी खाचरे घटल्यामुळेच कळप वनाच्या कडेला जाऊ लागले, हेही तितकेच खरे आहे.

संरक्षण : हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा कायदा भारतात १९८५ साली झाला. त्याखालील राखीव वस्तूंत कांबळ वा कंबळी यांचा समावेश आहे. त्या यंत्रमागावर विणण्यास बंदी आहे. तथापि या कायद्याचा भर विणण्याच्या साधनावर आहे. दख्खनी लोकर वा हाताने कातलेले सूत यांची अट त्यात नाही आणि घोंगडीचा धंदा तर नेमका तेथेच मोडला आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवरील हॅरिस ट्वीड या कापडाचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. तेही लहान शेती करणाऱ्या बेटवासीयांचे, वारा-पाऊस सोसणारे, जाडसर लोकरी कापड. त्याच्या रक्षणासाठी १९०९ मध्ये संघ स्थापन झाला व १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेने स्वतंत्र कायदा केला. लोकर या बेटांवरच रंगविलेली व कातलेली असावी आणि कापड विणकराने तेथील आपल्या घरी हाताने विणलेले असावे, असे तो सांगतो. कातण्यास तेथे गिरणीची मुभा आहे. हाताने कातण्याचा आग्रह धरला असता, तर ते कापड टिकले असते असे वाटत नाही. घोंगडीच्या बाबतीत लोकर निवडण्याची, पिंजण्याची व कातण्याची लहान यंत्रे गावोगाव बसविली, तर विणकरास सूत मिळेल व मेंढपाळास कातरणीची मजुरी सुटेल. मात्र यंत्राने कातलेल्या सुताची घोंगडी अधिक एकसारखी होते आणि जाणत्या ग्राहकास ती कमी प्रतीची वाटते.

बाजारात घोंगडी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात मिश्रण पुष्कळ असते. अस्सल घोंगडी ओळखण्यासाठी तिच्या दशीतील एक धागा ओढून ज्योतीवर धरतात. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर करताच धागा विझू लागतो व मागे राहिलेली काळी राख बोटांनी सहज चुरडली जाते. कृत्रिम तंतू असेल तर तो वितळतो व थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी बनतो. हाताने कातलेले सूत नुसत्या नजरेनेही ओळखता येते. त्याची जाडी कोठेच एकसारखी नसते.